पोटापाण्याचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न

शिक्षण आणि पोटापाणी यांची सांगड घालणाऱ्या या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात, त्यांतली बरीचशी आईबापांची असतात. मुलाला कुठे घालावे, मुलीने काय घ्यावे, हे त्यांचे नेहमीचे प्रश्न. अलीकडे मात्र पत्रलेखकांचा एक नवाच वर्ग तयार झाला आहे. ही मंडळी तीस-पस्तिशीची, नोकरीला लागलेली, पदरात एखाददुसरे मूल असलेली. त्यांचे विचारणे एकच: "नोकरी सांभाळून पर्यावरण व्यवस्थापनाचा अभ्यास करावा म्हणतो, त्यात पुढे काही आहे का?" आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा शेराही कुणी कुणी प्रामाणिकपणे कळवतात: "झाडे लावायचा पगार कोण देणार?"

शेरा खोचक आहे, पण रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की पगार झाडे देत नाहीत. तो कायद्यामुळे मिळतो.

जरा मागे जाऊन पाहा. आपल्या महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला आणि १९७० साली राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे राहिले. १९७२ साली स्टॉकहोमला जागतिक परिषद भरली. १९७४ साली देशाचा पाण्याचा कायदा आला, १९८१ साली हवेचा. मग १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले. एका रात्रीत हजारो संसार उजाड झाले, आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. १९९४ साली मोठ्या प्रकल्पांना आधी परिणामांचा अभ्यास करणे सक्तीचे झाले, २००६ साली ते नियम नव्याने आखले गेले आणि २०१० साली हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ आपल्या पुण्यातच आहे.

ही सनावळी मी उगाच सांगत नाही. प्रत्येक कायद्याबरोबर काही कागद जन्माला येतात आणि तो कागद भरायला कुणीतरी जाणता माणूस लागतो. कारखान्याला चालू राहायचे तर मंडळाचे संमतिपत्र हवे. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत मागच्या आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र भरायला हवे: पाणी किती वापरले, कच्चा माल किती लागला, घाण किती निघाली आणि ती गेली कुठे. हा हिशेब हिशेबनीसाला जमत नाही आणि नुसत्या इंजिनियरालाही जमत नाही. तो ज्याला जमतो, त्याला आजच्या भाषेत पर्यावरण व्यवस्थापक म्हणतात.

आता या माणसाचे रोजचे काम काय, ते एका उदाहरणाने सांगतो. सांडपाणी किती घाण आहे हे मोजण्याचे एक माप आहे, त्याला बी.ओ.डी. म्हणतात. पाण्यातले सूक्ष्म जंतू त्यातला सेंद्रिय मळ खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. म्हणून नमुना बाटलीत हवाबंद करायचा, २७ अंश उष्णतेला तीन दिवस ठेवायचा, आणि आधी प्राणवायू किती होता नि नंतर किती उरला हे पाहायचे. जितका जास्त खर्ची पडला, तितके पाणी घाण. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅमची. आपल्या घरातले दूध घेतले तर त्याचा हाच आकडा लाखाच्या घरात जातो! दूध काही विष नव्हे. पण स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो तो लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम. तेव्हा दुग्धालयाची धुवण तशीच ओढ्यात सोडली, तर मासे गुदमरून मरतील हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

अशी मोजमापे समजून घेणे, आकडा चढला तर का चढला ते शोधणे, आणि तो उतरवण्याचा स्वस्त मार्ग मालकाला पटवून देणे, हा या धंद्याचा गाभा आहे. यात रसायनशास्त्र आहे, कायदा आहे, हिशेब आहे आणि थोडी वकिलीही आहे. वृक्षारोपणाचा समारंभ वर्षातून एकदाच.

मग हा अभ्यास कुणी करावा? माझे मत स्पष्ट आहे: ज्याचे पाऊल आधीच कुठल्यातरी धंद्यात रोवलेले आहे, त्याने. अर्धवेळ घेतलेली पदविका म्हणजे भाकरीवरचे लोणी. भाकरी आपली आपण आणावी लागते. प्रयोगशाळेतला रसायनज्ञ, बांधकामावरचा सिव्हिल इंजिनियर, कारखान्यातला देखभाल खात्याचा माणूस, वकील, भूगोलाची किंवा जीवशास्त्राची शिक्षिका, नगरपालिकेतला आरोग्य निरीक्षक, या सर्वांना हा अभ्यास पुढची पायरी देतो. ज्याला कुठलाच धंदा ठाऊक नाही, त्याला मात्र नुसत्या प्रमाणपत्रावर कुणी दारात उभे करणार नाही.

माझ्या भाच्याचीच गोष्ट सांगतो. रसायनशास्त्राचा बी.एस्सी., मुंबईच्या परिसरातल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात नमुने तपासायच्या कामावर. तेहतिसाव्या वर्षी त्याने मुक्त विद्यापीठाच्या पदविकेचा अर्ज आणला. भाचेसूनबाई हिशेबाला पक्क्या. मला म्हणाल्या, "मामा, दोन वर्षांचे रविवार म्हणजे शंभर रविवार. मुलगी चार वर्षांची आहे. ते शंभर रविवार तिला परत कोण देणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मी दिलेही नाही. शेवटी त्या दोघांनी आपसात ठरवले: पहाटे साडेचार ते सहा अभ्यास, रविवारी सकाळी वर्ग, आणि रविवारची संध्याकाळ मुलीची. त्या संध्याकाळी पुस्तक उघडायचे नाही, उद्या परीक्षा असली तरी.

पदविकेसाठी त्याने प्रबंधिका लिहिली ती स्वतःच्याच कारखान्यावर. रंगाची पिंपे धुताना प्रत्येक वेळी नळाचे ताजे पाणी वापरीत. त्याने सुचवले, की शेवटच्या धुण्याचे पाणी बहुतेक स्वच्छच असते, ते साठवून पुढच्या पिंपाच्या पहिल्या धुण्याला वापरावे. भांडी घासणारी कोणतीही गृहिणी हे दुष्काळात करतेच! पण कारखान्यात ते कुणी केले नव्हते. पाण्याचे बिल उतरले, सांडपाणी कमी झाले, आणि साहेबांनी पाठ थोपटली. पगार मात्र पहिल्या वर्षी एका रुपयानेही वाढला नाही. हेही सांगून ठेवलेले बरे.

खरी परीक्षा पुढेच होती. एका पावसाळ्यात सांडपाण्यात हवा फुंकणारे यंत्र बंद पडले आणि सी.ओ.डी. नावाचा दुसरा एक आकडा, ज्याची मर्यादा २५० आहे, चारशेच्या वर गेला. वरिष्ठ म्हणाले, "दोनशे चाळीस लिही. पावसात कोण बघतो?" भाच्याने खरा आकडा लिहिला आणि पाणी टाकीतच अडवून यंत्र दुरुस्त होईपर्यंत उत्पादन कमी ठेवावे, असे लेखी कळवले. दोन दिवस काम मंदावले. त्याच्याशी बोलणेही मंदावले. त्या आठवड्यात घरी काय वातावरण होते ते मी पाहिले आहे. हप्ता घराचा, फी शाळेची, आणि डोक्यावर नोकरीची टांगती तलवार. भाचेसूनबाई एवढेच म्हणाल्या, "ज्या नाल्यात ते जाणार होते, त्याच्या काठी माणसे राहतात ना? मग झाले."

नोकरी गेली नाही, पण बढतीही झाली नाही. वर्षाने तो एका सल्लागार संस्थेत गेला. मुलाखतीत त्याला पदविकेच्या गुणांबद्दल एक प्रश्न विचारला आणि पिंपांच्या धुण्याबद्दल दहा. वाचकहो, या विद्येचे मोल कशात आहे ते मला त्या दिवशी कळले. आकडा खोटा लिहायला पदविका लागत नाही. ते कुणालाही येते. खरा आकडा लिहून वर त्यावर उपाय सांगता येणे, यासाठीच तर शिकायचे.

आता पुढच्या वाटा मोजून दाखवतो. पहिली वाट कारखान्याची. लाल आणि नारिंगी गटांत मोडणाऱ्या अधिक प्रदूषणकारी उद्योगांत अशी माणसे लागतात. दुसरी, परिणामांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांची. धरण, खाण, महामार्ग यांचे असे अहवाल करायला मान्यताप्राप्त संस्था लागते आणि तिच्याकडे हवा, पाणी, जैवविविधता, समाजजीवन अशा एकेका अंगाचे जाणकार असावे लागतात. अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेतही द्यावा लागतो आणि गावात जाहीर सुनावणी होते. तेव्हा शुद्ध, सोपे मराठी लिहिणाऱ्याला इथे मान आहे. फक्त विषय कळला पाहिजे.

तिसरी वाट आपल्या घराजवळची. वीस हजार चौरस मीटर बांधकामाच्या वरच्या वसाहतींना आधी पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते, आणि सांडपाणी शुद्ध करायचे यंत्र तिथे ओघानेच येते. २०१६ च्या नियमांनी दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा काढणाऱ्यांना मोठे कचराउत्पादक ठरवले. ही यंत्रे आणि खताचे खड्डे नीट चालवणारा माणूस सोसायट्या दिवा घेऊन शोधत असतात. चौथी वाट ऊर्जेची: २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर ऊर्जा लेखापरीक्षकांची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली, इंजिनियरांनी तिकडे जरूर पाहावे. पाचवी वाट हिशेबाची जाण असलेल्यांची. सेबीने २०२१ साली ठरवल्याप्रमाणे शेअरबाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या पर्यावरणविषयक कामाचा अहवाल देणे भाग पडले, आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना या क्षेत्राचे दार उघडले. सरकारी मंडळातल्या व नगरपालिकांतल्या जागाही आहेत, पण तिथे मूळ पदवी कोणती हे आधी पाहतात. जाहिरात शब्दन्‌शब्द वाचावी.

आणि शिकायचे कुठे? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांसाठीच उभे आहे. पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीने निसर्गसंवर्धनाचा अभ्यासक्रम नोकरदारांना जमेल असा चालवला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जी १८८३ पासून आहे, पक्षी आणि वनस्पती ओळखायला शिकवले. शेवटच्या दोन ठिकाणी डोळे तयार होतात, आणि ते कोणत्याही पदविकेत मिळत नाहीत.

अर्ज भरण्यापूर्वी चार गोष्टी मात्र तपासा. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता त्या वर्षापुरती आहे का? प्रयोगशाळेत किंवा शिवारात प्रत्यक्ष किती दिवस नेतात? मागे शिकून गेलेल्या दोघांशी बोलता येईल का? आणि प्रबंधिका आपल्याच कामावर लिहू देतात का? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पुढचे विचारूच नका. सहा आठवड्यांत 'पर्यावरणतज्ज्ञ' करून देणाऱ्या जाहिराती दिसतील. सहा आठवड्यांत पापडही नीट लाटता येत नाहीत.

पाचवा प्रश्न घरात विचारायचा. शंभर रविवारांचा हिशेब दोघांनी मिळून मांडावा, आणि घरची मंडळी 'हो' म्हणाली तरच फॉर्मवर सही करावी. दिवाळीच्या सुटीत तेवढा निवांतपणा असतो. फराळ झाल्यावर मुलांना घेऊन आपल्याच इमारतीचे सांडपाणी कुठे जाते ते एकदा पाहून या. नाकाला पदर लावून परतलात, तर हा विषय तुमचा नव्हे. "हे असे का?" असे विचारत परतलात, तर जानेवारीतले प्रवेश चुकवू नका.