जबड्यात भरलेलं हाड नेमकं कुणाचं?

इम्प्लांटच्या संमतीपत्रावर 'बोन ग्राफ्ट' एवढे दोनच शब्द असतात आणि खाली तुमची सही. ती पावडर गाईबैलाच्या हाडापासून बनवलेली असू शकते, हे कुणी सांगितलं होतं का? नसेल, तर ती संमती मी मानत नाही.

दात काढला की त्याला धरणारं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. मिश्री-तंबाखूने हिरड्या खराब झालेल्यांचं हाड तर दात पडायच्या आधीच गेलेलं असतं. पातळ भिंतीत खुंटी टिकत नाही, म्हणून काहींना आधी हाड भरावं लागतं. सगळ्यांना नाही.

हे हाड येतं चार ठिकाणांहून. तुमच्याच हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून. मग तिथे दुसरी जखम होते. मृत दात्याकडून, प्रक्रिया करून. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते. गाय, बैल किंवा डुकराकडून. चौथं कृत्रिम, कॅल्शियम-फॉस्फेटचं. वर जो पातळ पडदा लावतात, तोही बऱ्याचदा प्राण्याच्या कोलॅजनचा असतो. हे तर कुणीच सांगत नाही.

प्राणिजन्य ग्राफ्ट वाईट नाही. त्यातला सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, हळूहळू विरघळतो म्हणून जागा चांगली टिकवतो, जगभर वापरतात. माझा आक्षेप लपवण्याला आहे. मावळात दारात बैल बांधणारे, गळ्यात तुळशीची माळ असलेले आजोबा खुर्चीत बसतात. जैन, मुस्लिम कुटुंबं येतात. त्यांना हे नंतर कळलं तर काय वाटेल?

आमच्यातले काही म्हणतात, "सांगितलं की पेशंट उठून जातो." जाऊ द्या ना! तो त्याचा हक्क आहे. उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय सांगितल्याशिवाय संमती खरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. आणि पर्याय खरोखर आहेत. खड्डा मोठा असेल तर कृत्रिम ग्राफ्टवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, हेही तोंडावर सांगता येतं. तेव्हा कवळी किंवा ब्रिजचा विचार करता येतो.

पुढच्या वेळी सही करण्याआधी विचारा : ग्राफ्ट कशाचा, पडदा कशाचा, दुसरं काय चालेल? डबीवरचा लॉट नंबरचा स्टिकर मागून घ्या आणि आपल्या फाइलला चिकटवा. डॉक्टर चिडले, तर शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकला.