हात मोजा, मग पिस्तूल द्या

मुक्काम बबिना. झाशीजवळच्या या पट्ट्यात मे महिन्यात सकाळी नऊनंतर पिस्तुलाची स्लाईड हाताला चटका देते. म्हणून रेंज पहाटेच उरकते आणि नाश्त्याला मेसमध्ये गप्पा रंगतात. परवा विषय होता पिस्तुलांचा. एक मेजर म्हणाला, "ब्राऊनिंग हातात घेतलं की जुन्या मित्राशी हात मिळवल्यासारखं वाटतं." दुसऱ्याच्या मते ग्लॉक म्हणजे मूठ लावलेली वीट. तिसऱ्याला छोटं पिस्तूल प्रिय, कारण ते कमरेला टोचत नाही. अर्धा तास सगळे रिकाम्या मुठी वळवून एकमेकांना पकड दाखवत होते. पाचव्या गोळीनंतर त्या पकडीचं काय होतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझं भांडण या गप्पांशीच आहे. पिस्तूल हातात कसं 'वाटतं' यावर आपण शस्त्राची पारख करतो, आणि ज्याच्या हातात ते बसत नाही त्याला कच्चा नेमबाज ठरवतो. दोन्ही चूक आहे. दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी पहिली. आपलं ९ एमएम ऑटो पिस्तूल १ए ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, पण मूळ कुळी ब्राऊनिंग हाय-पॉवरची. जॉन ब्राऊनिंग १९२६ मध्ये वारला. अर्धवट राहिलेलं काम बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये हे पिस्तूल बाजारात आलं. मॅगझीनमध्ये दोन ओळींत १३ गोळ्या, तरी मूठ सडपातळ. म्हणून हातात घेणारा प्रत्येक जण खूश होतो. पण ज्याचा पंजा मोठा आणि मांसल, त्याने सलग दोन मॅगझीन फायर करून पाहावं. स्लाईड मागे येताना हॅमर अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीला चावतो. मेसमध्ये त्या 'जुन्या मित्राची' तारीफ करणाऱ्या मेजरच्या हातावर त्याच दिवशी चिकटपट्टी होती! उलट ज्या ग्लॉकला वीट म्हणतात, त्याला बाहेर हॅमरच नाही. ते तळहाताला ठोकळ्यासारखं लागेल, पण चावणार नाही. हातातला आराम आणि फायरिंगमधला आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लहान पिस्तुलाचंही तसंच. लहान म्हणजे सोपं, हा गैरसमज फौजेत आहे आणि फौजेबाहेर त्याहून जास्त. शस्त्र हलकं झालं की त्याच गोळीचा धक्का हाताला जास्त जाणवतो. मूठ आखूड झाली की करंगळीला जागा उरत नाही. शिवाय पुढच्या-मागच्या साईटमधलं अंतर घटतं, त्याचा हिशेब करून पाहा. साईटमध्ये १६० मि.मी. अंतर असेल आणि तुमची नजर १ मि.मी. चुकली, तर २५ मीटरवर गोळी साधारण १५६ मि.मी. सरकते. अंतर १०० मि.मी. असेल तर तीच चूक २५० मि.मी.ची होते. म्हणजे छोटं पिस्तूल सोसायला हात जास्त तयार लागतो. आणि आपण ते देतो कोणाला? नवशिक्याला.

निवृत्त मित्रहो, हे तुमच्यासाठीही आहे. २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर आलं. वजन अर्धा किलो, जाहिरात महिलांसाठी. तेव्हापासून लायसन्स घेऊ पाहणाऱ्या कितीतरी जणांनी मला विचारलं, "मिसेससाठी हेच बरं ना?" मी उलट विचारतो, वहिनींचा हात मोजलात का? त्यांनी कधी एक तरी गोळी झाडली आहे का? बाई म्हटलं की हलकं आणि छोटं, हे मोजमाप नाही, अंदाज आहे. पर्समध्ये काय मावतं ते पर्स ठरवते. निशाणा कशाने लागतो ते बोटाची लांबी आणि सराव ठरवतात.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी माझ्या स्क्वॉड्रनमध्ये एक गनर होता, सोवार. उंचीने कमी, चपळ, टी-७२ साठी बनवल्यासारखा. त्या टरेटमध्ये बसून पाहिलेल्याला कळेल की तिथे सहा फुटी माणूस म्हणजे शिक्षा. म्हणजे लहान चणीची माणसं आम्ही तिथे आनंदाने घेतो. तोफेवर हा मुलगा वाघ होता, पण पिस्तूल रेंजवर त्याच्या गोळ्या टार्गेटभर विखुरलेल्या. उस्ताद म्हणाले, "साहब, कलाई कमजोर है." मी मान डोलावली, रजिस्टरमध्ये तसाच शेरा मारला आणि रेजिमेंटच्या टीमच्या यादीतून त्याचं नाव काढलं. पाच मिनिटांचं काम.

महिन्याभराने आमचे रिसालदार साहेब मला रेंजवर घेऊन गेले. त्यांनी रिकामं पिस्तूल त्या मुलाच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले, "साहब, पहले इसका पंजा देखिए." मी पाहिलं. ट्रिगरवर बोटाचं पेर आणण्यासाठी तो पिस्तूल हातातल्या हातात फिरवत होता. त्यामुळे नळी मनगट-कोपराच्या रेषेत राहत नव्हती आणि सगळा धक्का अंगठ्याच्या सांध्यात जात होता. सेफ्टीपर्यंत अंगठा न्यायचा तर पूर्ण पकड सोडावी लागत होती. म्हणजे प्रत्येक गोळीला नवी पकड. मनगट ठणठणीत होतं; हाताचं आणि शस्त्राचं माप जुळत नव्हतं.

रिसालदार साहेबांनी उपाय साधा केला. आधी नळी कोपराच्या रेषेत, मग बोट जिथवर पोचेल तिथवर. डाव्या हाताचा आधार घट्ट, सेफ्टी डाव्या अंगठ्याने. तीन आठवडे नुसती ड्राय प्रॅक्टिस. ताटाएवढा ग्रुप वाटीएवढा झाला. पण पुढच्या वर्षी टीमसाठी नावं मागवली तेव्हा त्याने नाव दिलं नाही. मी बोलावून विचारलं तर म्हणाला, "साहब, मेरी कलाई कमजोर है." माझा शेरा त्याने पाठ केला होता. रजिस्टरमधून तो मी खोडला, त्याच्या डोक्यातून खोडता आला नाही.

यावर दोन उत्तरं मला ठाऊक आहेत. पहिलं : लढाईत पिस्तूल वापरतं कोण? ज्याचा रणगाडा पेटला आहे आणि जो अंगावर आहे तेवढंच घेऊन बाहेर उडी मारतो, तो. अंधाऱ्या खोलीत रायफल अडकली की कमांडो. जखमींमध्ये वाकलेला डॉक्टर. त्यांना ते वर्षानुवर्षे लागणार नाही, आणि लागेल तेव्हा दुसरी संधी नसेल.

दुसरं : इतक्या पिढ्यांनी चालवलं, हेही चालवतील. मग बूट नंबराप्रमाणे का देता? सगळ्यांना आठ नंबर देऊन 'पाय जुळवून घ्या' का सांगत नाही? खेळात तर हा वाद केव्हाच संपला. लंडनला २०१२ मध्ये आपल्या सुभेदार विजय कुमारने रॅपिड फायरचं रौप्य घेतलं, २०१८ च्या एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण. त्या खेळातल्या पिस्तुलांची लाकडी मूठ साईजप्रमाणे मिळते, वर कानशीने घासून, लांबी भरून नेमबाजाच्या हाताबरहुकूम केली जाते. त्यांना कोणी नाजूक म्हणत नाही.

अमेरिकन फौजेने हा धडा दोनदा घेतला. १९२० च्या दशकात त्यांनी आपल्या .४५ पिस्तुलाचा ट्रिगर आखूड केला आणि त्यामागची फ्रेम कोरली, कारण बोटं पोचत नव्हती. १९८५ मध्ये पुन्हा जाड मुठीचं बेरेटा घेतलं आणि लहान पंजाच्या सैनिकांची तीच तक्रार ऐकली. २०१७ पासूनच्या त्यांच्या नव्या पिस्तुलाची मूठ तीन मापांत मिळते.

आपल्यासाठी वेळ हीच आहे. खडकवासल्याला २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी पास आऊट झाल्या. ज्या परेड ग्राऊंडवर आम्ही घाम गाळला तिथूनच त्या निघाल्या. उद्या त्यांच्यातल्या एखादीच्या रजिस्टरमध्ये 'कलाई कमजोर' असं कोणी लिहिलं, तर तो दोष तिचा नसेल.

मागणी मोठी नाही. पुढचं पिस्तूल घेताना बदलता येणारी मूठ ही पहिली अट असावी. तोवर कोतमधून शस्त्र देताना फूटपट्टीने पंजा मोजावा, रिकाम्या पिस्तुलावर बोट कुठवर पोचतं ते पाहावं आणि त्याप्रमाणे पकड शिकवावी. माणशी दोन मिनिटं लागतात. मी माझ्या स्क्वॉड्रनमध्ये सुरू केलं आहे. परवाच्या त्या मेजरचाही हात मोजला.

आणि शेरा मारायचाच असेल, तर हात मोजल्यानंतर मारा.

जय हिंद.