झाकली मूठ आणि मनाचे विज्ञान

२०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता प्रामाणिकपणा. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी ती सुरुवातीलाच, म्हणजे माहिती भरण्याआधी घेतली, तर माणसे कमी खोटे बोलतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुराव्यादाखल दिलेला एक प्रयोग मोटार विम्याचा होता. तेरा हजारांहून अधिक पॉलिसींमधील गाड्या किती मैल चालल्या, याच्या नोंदी त्यात होत्या. उपाय फुकटचा आणि परिणाम चांगला, त्यामुळे या निबंधाची चर्चाही खूप झाली. २०२० मध्ये त्याच लेखकांनी मोठ्या प्रमाणावर फेरप्रयोग केले, तेव्हा मात्र परिणाम दिसला नाही. त्यांनी तसे जाहीर केले आणि सोबत जुन्या प्रयोगाचे मूळ आकडेही सर्वांसाठी खुले केले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. त्या आकड्यांची फाइल इतर संशोधकांनी उघडून पाहिली. कोणत्याही शहरात काही गाड्या फार कमी चालतात, काही फार जास्त, आणि बहुतेक मधल्या पट्ट्यात असतात. इथे मात्र शून्यापासून पन्नास हजार मैलांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर जवळपास सारख्याच गाड्या होत्या आणि पन्नास हजारांच्या पुढे एकही नव्हती. माणसे आकडा कळवताना तो सहसा शंभरात किंवा हजारात मोघम सांगतात. दुसऱ्या वेळच्या नोंदींत तसा मोघमपणा कुठेच नव्हता. पहिल्या वेळच्या रकान्यात तर निम्म्या नोंदी एका टंकात आणि निम्म्या दुसऱ्या टंकात होत्या. हे आकडे रचलेले होते. २०२१ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरच्या निबंधातली ही अप्रामाणिक फाइल नऊ वर्षे कोणाला दिसली नाही, कारण ती कोणाला दाखवलीच गेली नव्हती.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरच्या अब्रूसाठी ही म्हण ठीक असेल, विज्ञानाला ती परवडत नाही.

लबाडी पकडली की राग येतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण रचलेले आकडे हा विरळा आजार आहे. रोजचा आजार सवयींचा आहे. २०१५ मध्ये २७० संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातील शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा निकाल होता. फेरप्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. या सगळ्या लेखकांनी खोटेपणा केला होता, असे कोणी म्हणत नाही.

मग हे घडते कसे? २०११ मध्ये तीन अमेरिकी संशोधकांनी ते मुद्दाम करून दाखवले. बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने माणसाचे वय सुमारे दीड वर्षाने कमी होते, असे त्यांनी ‘सिद्ध’ केले! एकही आकडा खोटा नव्हता. फक्त अनेक गोष्टी मोजायच्या, सोयीची तेवढी सांगायची, आणि हवा तो निकाल दिसला की प्रयोग थांबवायचा. प्रत्येक पाऊल एरवी खपून जाईल असेच होते.

मेंदूच्या प्रतिमांवरील संशोधनात अशा आडवाटा आणखी जास्त आहेत. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात १०८ व्यक्तींच्या मेंदूप्रतिमा सत्तर संशोधक गटांना देण्यात आल्या आणि तेच नऊ प्रश्न सर्वांना विचारण्यात आले. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट तंतोतंत सारखी नव्हती, आणि काही प्रश्नांची उत्तरेही गटागणिक वेगळी आली. एरवी आपल्यासमोर येतो तो या सत्तरांपैकी एकाच गटाचा निकाल, वर मेंदूचे रंगीत चित्र. बाकीच्या एकोणसत्तर वाटा वाचकाला कधी दिसतच नाहीत.

याचा सामान्य माणसाशी काय संबंध, असे वाटत असेल, तर नैराश्यावरील औषधांचे उदाहरण पाहावे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाकडे नोंदलेल्या अशा ७४ चाचण्यांचा मागोवा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नियंत्रकाच्या मते ३८ चाचण्या यशस्वी होत्या. त्यातील ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ अपयशी किंवा संशयास्पद होत्या. त्यातील तीनच जशाच्या तशा छापल्या गेल्या, २२ छापल्याच गेल्या नाहीत, आणि ११ यशस्वी असल्यासारख्या सजवून आल्या. नियतकालिके वाचणाऱ्या डॉक्टरला यश दिसे ९४ टक्के, प्रत्यक्षात ते होते ५१ टक्के. याचा अर्थ औषधे निकामी आहेत असा नाही. सर्व चाचण्या एकत्र केल्यावरही ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. म्हणून कोणीही डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. पण गुण येतो किती, हे फुगवून सांगितले गेले. ज्याला गुण आला नाही, त्याने दोष स्वतःलाच दिला असेल, तर त्याची भरपाई कोण करणार?

उपाय अवघड नाहीत. प्रयोगाआधीच आपण काय मोजणार, किती लोकांवर आणि कसे, हे तारखेसह जाहीर नोंदवायचे. प्रश्नावली, आकडे आणि विश्लेषणाची पद्धत खुली ठेवायची. त्याहून पुढचे पाऊल मेंदूविज्ञानातील ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ मध्ये टाकले. निकाल येण्याआधी, केवळ आराखडा तपासून निबंध स्वीकारायचा, मग निकाल काहीही येवो. फरक किती पडतो? मानसशास्त्रातील नेहमीच्या निबंधांत पहिले गृहीतक खरे ठरण्याचे प्रमाण ९६ टक्के आढळले. या नव्या पद्धतीच्या निबंधांत ते ४४ टक्के होते. ‘आम्ही चुकलो’ असे सांगायला जागा मिळाली की लोक ते सांगतात.

आपल्याकडे याची पायाभरणी झालेली आहे. वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. वर्तन, शिक्षण आणि मेंदूप्रतिमांवरील इतर संशोधनाला मात्र तशी सक्ती नाही. ती कायद्याने यावी, असे आमचे म्हणणे नाही. विद्यापीठांनी मानसशास्त्रातील पीएच.डी.चा आराखडा काम सुरू होण्याआधी खुला नोंदवायला लावला, आणि नकारात्मक निकालाच्या प्रबंधालाही तोच मान दिला, तरी मोठा पल्ला गाठता येईल.

एक आक्षेप रास्त आहे. मेंदूच्या प्रतिमेतून चेहरा ओळखता येऊ शकतो. गाव, वय आणि व्यवसाय एवढ्यावरून समुपदेशनाला आलेली व्यक्ती शेजाऱ्यांना कळू शकते. रुग्णाचे गुपित हे रुग्णाचेच आहे, आणि तिथे मूठ झाकलेलीच हवी. प्रतिमेतून चेहरा पुसून टाकणे, आकडे अटींवर आणि देखरेखीखालीच देणे, हे मार्ग वापरात आहेत. आराखडा, प्रश्नावली आणि पद्धत खुली करण्यात मात्र कोणाचेच गुपित फुटत नाही. रुग्णाच्या गोपनीयतेआड संशोधकाने आपली वही लपवू नये.

वाचकांच्या हातीही काही आहे. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणारे, मेंदूचा अमुक भाग जागा करून देणारे वर्ग ‘संशोधनाने सिद्ध’ अशी पाटी लावतात. फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रयोगाचा आराखडा आधी नोंदवला होता का? आकडे कुठे पाहायला मिळतील? दुसऱ्या कोणी तो करून पाहिला का? उत्तर मिळाले, तर पुढे जावे. न मिळाल्यास पैसे जपून ठेवावेत. ज्या ज्ञानाच्या भरवशावर आपण गोळी घेतो आणि मूल वाढवतो, त्याची मूठ उघडून पाहण्याचा आपल्याला हक्क आहे.