वाद्यांचे प्रदर्शन आणि स्वावलंबनाचा आग्रह

लोणावळ्यात वाद्यनिर्मात्यांचे प्रदर्शन भरवावे, ही सूचना अधूनमधून आमच्या कानावर येते. सूचना करणारे भाज्याच्या लेण्यांचा दाखला हटकून देतात. तेथील विहारात तालवाद्ये वाजवणारी एक स्त्री कोरलेली आहे, हे खरे. (तबल्याचा जन्मच मावळात झाला असे सांगणाऱ्यांचा उत्साह तूर्त बाजूला ठेवू.) मात्र त्यापाठोपाठ हीच मंडळी म्हणतात की, प्रदर्शनाने आपला खर्च आपणच काढला पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो या वाक्याला.

खर्च निघायचा तो गाळ्यांच्या भाड्यातून. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तेथील कारागिराचेच उदाहरण घेऊ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि मग जवारी काढण्याचे ते चिवट काम. असा तंबोरा तीन दिवसांत भाजीसारखा विकला जात नाही. गायक येतो, तारा छेडून पाहतो, फार तर मागणी नोंदवतो. पैसे यायचे ते पुढे कधीतरी; भाडे मात्र आगाऊ. शिवाय हाताने घडवलेल्या देशी वाद्यांना वस्तू व सेवा करातून सूट असली, तरी गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के कर आहेच. आणि माल करमुक्त म्हणून त्या कराची वजावटही नाही. सवलतच अशी उलटावी, यातला विनोद कारागिराला परवडणारा नाही.

लोणावळ्यात शनिवार-रविवारी सभागृह मिळते ते लग्नांच्या आणि कंपन्यांच्या परिषदांच्या भावाने. पावसाळ्यात पर्यटक लोटतात, पण त्या दमट हवेत पखवाजाची पुडी सैल पडते. म्हणून प्रायोजक शोधावा, तर त्याला हवे असते व्यासपीठ. मग नामवंत कलावंताची मैफल येते, भोंगे येतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या तंबोऱ्याचा षड्ज शेजारच्या माणसालाही ऐकू येत नाही.

फ्रँकफुर्टचा 'म्यूझिकमेसे' १९८० पासून भरत असे. मोठमोठ्या कारखानदारांच्या पाठबळावर चालणारा तो मेळा २०१९ नंतर भरला नाही आणि पुढे बंदच झाला. तेथे जे जमले नाही, ते मिरजेच्या सतारमेकरांकडून आपण अपेक्षितो.

मावळातले खरे गिऱ्हाईक म्हणजे गावोगावची भजनी मंडळे. वर्गणी काढून पखवाज, वीणा, टाळ घेणारी ही माणसे प्रदर्शनाला येतील ती बहुधा पुडी बदलून आणि पेटीचे सूर लावून घ्यायला. त्यांच्याकडून प्रवेशशुल्क घेणार काय?

साहित्य संमेलनाला शासन अनुदान देते. ग्रंथविक्रेत्यांच्या भाड्यावर संमेलनाचा मांडव उभा राहावा, असे तेथे कोणी म्हणत नाही. त्या मांडवात आम्हीही जेवलो आहोत. तोच न्याय येथे लावावा. गाळे विनामूल्य द्यावेत, दुरुस्तीसाठी वेगळी जागा ठेवावी, त्याची तरतूद सार्वजनिक निधीतून करावी. दिवस आठवड्यातले निवडावेत, म्हणजे सभागृह स्वस्तात मिळेल. आणि तेथे ध्वनिक्षेपक लावू नये.