विश्लेषण : कापसाचा हमीभाव कोडमध्ये का नको?
वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या कापूस खरेदीसाठी सॉफ्टवेअर लिहायचे, तर हमीभाव कुठे ठेवावा? लांब धाग्याच्या कापसाला २०२४-२५मध्ये क्विंटलमागे ७,५२१ रुपये हमीभाव होता. २०२५-२६मध्ये तो ८,११० झाला. सुट्या भागांतून जावा प्रणाली उभारणाऱ्या 'ओएसजीआय'मध्ये सातव्या आवृत्तीपासून (२०१८) अशी मूल्ये 'अ‍ॅनोटेशन', म्हणजे कोडमधील खूणचिठ्ठी, वापरून थेट त्या भागावर नोंदवता येतात. सोय मोठी आहे. पण चिठ्ठीत जुना भाव 'डीफॉल्ट' म्हणून राहिला, तर हिशेब बिनबोभाट चालतो आणि शेतकऱ्याचे क्विंटलमागे ५८९ रुपये बुडतात. म्हणून भाव चिठ्ठीत लिहूच नये. 'कॉन्फिगरेशन आवश्यक' ही अट घालावी. मग भाव भरल्याशिवाय तो भाग सुरूच होत नाही. बंद पडलेली खरेदी लगेच दिसते. चुकलेला भाव पट्टी हातात पडल्यावरही दिसेलच असे नाही.