गावकीचा फंड आणि नोंदणीचा कागद

रायगडच्या किनारपट्टीवरील बौद्ध वस्त्यांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्यातील एक मोठे प्रकरण मंडळांच्या जुन्या वह्यांत सापडेल. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे या तालुक्यांतून गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत कामाला गेलेल्या माणसांनी मुंबईच्या चाळींतून आपापल्या गावाच्या नावाने मंडळे उभी केली. दरमहा वर्गणी काढली. मयतीच्या खर्चाला फंड ठेवला, लग्नकार्यासाठी सामाईक भांडी घेतली, हुशार मुलाच्या वह्या-पुस्तकांना हातभार लावला आणि पुढे गावी विहार बांधला. विमा आणि बँक ज्यांच्या दारी कधी आली नव्हती, त्यांनी एकमेकांच्या विश्वासावर उभी केलेली ही व्यवस्था आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे पाप कोणी करू नये.

परंतु यांपैकी अनेक मंडळे आजही नोंदणीवाचून चालतात. ती कायद्याने नोंदली गेली पाहिजेत, आणि हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. त्यामुळे विहाराची जागा एखाद्या आदरणीय वडीलधाऱ्या गृहस्थाच्या नावे सातबाऱ्यावर चढते आणि फंडाचे खाते दोघा-तिघांच्या नावे उघडले जाते. ते गृहस्थ हयात असेपर्यंत काही बिघडत नाही. त्यांच्या पश्चात मात्र वारसांची नावे लागतात, आणि ज्या जागेसाठी साऱ्या गावकीने घाम गाळला ती कागदोपत्री एका कुटुंबाची होऊन बसते. वारस भले असले तरी त्यांचेही वारस येणारच. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई या किनाऱ्याच्या आणखी जवळ आली. जमिनीला जेव्हा भाव नव्हता तेव्हा तोंडी शब्द पुरत होता. आज तो पुरणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील घरांची छपरे उडवली. अशा प्रसंगी मदत देणारी संस्था प्रथम विचारते तो नोंदणी क्रमांक आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते.

मालकीचा कागद किती निर्णायक असतो, हे आपल्याच जिल्ह्याने साऱ्या देशाला शिकविले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर हा लढा न्यायालयात गेला. तळे खाजगी आहे असा विरोधकांचा दावा होता. तळे नगरपालिकेचे ठरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. १९२७ च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरविण्यास जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली म्हणून मंडप उभा राहिला. हक्काच्या जागेची किंमत या समाजाला इतर कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बाबासाहेबांनी स्वतः कोणता मार्ग पत्करला तेही पाहावे. १९२४ साली त्यांनी स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदविली गेली. पुढच्याच वर्षी या सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे लाखो लोकांनी धम्म स्वीकारण्याआधीच धम्मकार्याची संस्था उभी होती. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

ही दृष्टी धम्माला परकीही नाही. आराम, विहार यांसारखी संघाची मालमत्ता कोणाला देऊन टाकता येत नाही आणि आपसांत वाटूनही घेता येत नाही, असा विनयाचा दंडक आहे. आपल्या जिल्ह्यातील कुडा लेण्यांत माळी आणि वैद्य यांच्यासारख्या सामान्य दात्यांची दाने दगडावर कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख तर याहून बोलका आहे. संघासाठी दिलेले तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण व्याज ठरविले, आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला, असे त्यात सांगितले आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात दानाची नोंद हा दानाचाच भाग मानला जात होता.

दूरदेशीच्या पीडितांनीही हाच धडा गिरविला. अमेरिकेत गुलामगिरी चालू असताना, १७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी कृष्णवर्णीयांची परस्पर साहाय्य संस्था काढली. तिने आजारी, विधवा आणि पोरक्या मुलांचा भार उचलला. इंग्लंडमध्ये कामगारांच्या अशाच बंधुमंडळांना १७९३ च्या कायद्याने मान्यता आणि त्यांच्या फंडाला संरक्षण मिळाले.

आता व्यवहाराची बाजू. १८६० च्या कायद्यानुसार सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. संस्थेच्या वतीने दावा लावता येतो आणि मालमत्ता विश्वस्तांकडे अथवा कार्यकारी मंडळाकडे राहते. संस्था विसर्जित करावयाची झाल्यास तीन पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि तेव्हाही शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. धर्मादाय हेतूची संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. त्यानंतर स्थावर मालमत्ता विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. विहाराच्या जागेला याहून भक्कम कुंपण कोणते?

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. केवळ सभासदांपुरती मदत आणि सार्वजनिक धर्मादाय यांत कायदा भेद करतो. दारिद्र्य वा संकट यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत ही धर्मादाय कामे होत. वर्गणीदारांनी आपापसांत ठेवलेला फंड ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून मयत फंडाचा हिशेब आणि विहार, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ठेवावा. घटनेत उद्देश लिहिताना जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. दुसऱ्या गावाची घटना जशीच्या तशी उतरवून काढू नये.

नोंदणीला विरोध करणारे दोन आक्षेप घेतात. पहिला असा, की कागद मागणे म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास दाखविणे. माझ्या मते प्रामाणिक खजिनदाराला लेखापरीक्षणाइतका दुसरा आधार नाही. त्याच्यावरचा आळ तेच दूर करते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोंदणी झाली की भांडणे कार्यालयात जातात आणि वर्षानुवर्षे तेथेच पडून राहतात. हे खोटे नाही. निवडणूक झाल्यावर बदल अर्ज ९० दिवसांत दाखल करावयाचा असतो. तो राहून गेला की जुनी नावे तशीच राहतात आणि दोन गट दोन शिक्के घेऊन उभे ठाकतात. परंतु हा दोष नोंदणी करून तिची निगा न राखण्याचा आहे. सभेची सूचना, इतिवृत्त, वार्षिक हिशेब आणि वेळेवर बदल अर्ज एवढे पथ्य पाळले तर बहुतेक वाद अंकुरतच नाहीत.

नियमावली लिहिताना आणखी एक अन्याय दूर करता येईल. वर्गणी घरातील पुरुषाच्या नावावर असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर पत्नीचे सभासदत्व आपोआप चालू राहील, असे स्पष्ट कलम असावे. कार्यकारी मंडळात स्त्रियांना जागा असावी आणि बँकेच्या सहीत त्यांचा वाटा असावा. मयतीच्या फंडाची गरज सर्वांत जास्त जिला भासते, तिला त्या फंडात मत नसावे हे समतेच्या चळवळीला शोभत नाही.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे कारण उघड आहे. अशा शाळांतून शिकलेली मुले आज शिक्षक, वकील, लेखापाल, बँक कर्मचारी झाली आहेत. आपल्या गावच्या मंडळाला त्यांनी वर्गणीबरोबर आपले ज्ञानही द्यावे. वर्षावासात गावोगावी आणि मुंबईच्या शाखांतून ग्रंथवाचन होते. येत्या वर्षावासातील एक सायंकाळ घटनेच्या मसुद्याच्या वाचनासाठी राखावी. वृद्धांना ठाऊक असलेल्या जागांच्या, देणग्यांच्या नोंदी त्यांच्या तोंडून लिहून घ्याव्यात. सात जणांची नावे ठरवावीत आणि पावसाळा सरताच अलिबागचे धर्मादाय कार्यालय गाठावे.