पहिल्या पगाराआधी विचारा

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतून जाताना या आठवड्यात एका फाटकावर ‘शिलाई ऑपरेटर, हेल्पर पाहिजेत’ ही पाटी दिसली, उन्हानं पार विटलेली. माणसं येतात, जातात. पाटी तेवढी कायम नोकरीत! सोडून चाललेल्याला शेवटच्या दिवशी कारण विचारून काय हशील? बंगळूरच्या कपडे-निर्यात कारखान्यांत २०१६ साली अच्युत अध्वर्यू आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढीनं निराशा झाल्यावर, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही कामगार निवडून त्यांना नाव गुप्त ठेवून काम, सुपरवायझर, समाधान यांबद्दल मत विचारलं. विचारलेल्यांत नोकरी सोडणं आणि दांड्या, दोन्ही गोष्टी घटल्या. सर्वांत नाराज झालेल्यांत तर जास्तच. नुसत्या विचारण्यानं एवढं होत असेल, तर नव्या माणसाला पहिल्या पगाराआधीच विचारायला हवं. ओडिशातून आलेली पोरगी कानडी सुपरवायझरसमोर काय बोलणार? तिच्या भाषेत, तो आसपास नसताना विचारा: टार्गेट नीट समजावलं का, पाणी प्यायला उठता येतं का, पीएफचा नंबर मिळाला का. हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. पीएफ काढण्यावर निर्बंध आणणाऱ्या नियमाविरुद्ध एप्रिल २०१६ मध्ये याच शहरातल्या हजारो शिलाई कामगार बायका रस्त्यावर उतरल्या आणि केंद्राला तो मागे घ्यावा लागला. उत्तरं मात्र फायलीत पुरायची नाहीत. महिन्याभरात एक तरी तक्रार मिटवा, आणि लाइनवरची नवी माणसं किती टिकली हे पाहूनच सुपरवायझरला बढती द्या.